मागचा पंखा

“बंद कर वं माय तुही गिरणी!” सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. “या घरात माणसाचा आवाज माणसाले आयकू येईना झाला!”

गिरणी म्हणजे माझा कॉम्प्युटर. एका लग्नाचा व्हिडिओ तयार व्हायला लावला होता, आणि असं जड काम लागलं की त्याचे सगळे पंखे एकदम घुमायला लागायचे. त्यात खिडकीतला कूलर. दोघांची जुगलबंदी सुरू झाली की त्या खोलीत बोलायचं म्हणजे घसा खरवडायचा.

“झालंच, आई! सप्तपदी झाली, फक्त पाठवणी राहिलीय.”

“नवरीची पाठवणी व्हाची तवा होईन. त्याच्या आंधी माह्या कानाची होऊन रायली ना!”

मी हसले आणि सवयीनं पलंगाकडे पाहिलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, तक्क्याला टेकून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात उचलला. तळवा पालथा केला, मग उताणा केला, मग पुन्हा पालथा.

“कूस बदलायचीय का, बाबा?”

मी उठले, खांद्याखाली हात घातला आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून निजवलं. त्यांनी नाकातून एक लांब सुस्कारा सोडला. मला वाटलं, चला, बरं वाटलं त्यांना!

बाबांचा आवाज काय होता, हे अकोल्याच्या मार्केट यार्डात कुणालाही विचारावं. तुळशीराम महल्ले हर्रास, म्हणजे शेतमालाचा लिलाव, पुकारायला उभे राहिले की लाउडस्पीकर लागायचा नाही. तुरीच्या ढिगावर थाप मारून ते ‘एक वार!’ म्हणायचे आणि पलीकडच्या टपरीवर चहा पिणारा व्यापारी कप टाकून धावत यायचा. निवृत्त झाल्यावर तोच आवाज घराच्या कामी आला. मी मुळात विसराळू. लग्न होऊन सिन्नरहून इकडे आले तेव्हा विसराळूपणाही बरोबर घेऊन आले. पण या घरात त्याची चिंता नव्हती. “बाबा, लक्षात ठेवा हं,” एवढं म्हटलं की मी मोकळी. “सूनबाईऽ, सिलिंडर सांगाचं हाय!” अशी आरोळी ते द्यायचे, आणि त्या आरोळीवर आमच्या शेजाऱ्यांचाही सिलिंडर वेळेवर यायचा.

होळी झाली आणि एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून गळून पडला. लकवा. दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि आवाज, तिन्ही गमावून. पाय हळूहळू जमिनीला लागायला लागला. हातही बोटभर हलू लागला. आवाज मात्र गेला तो गेला. आम्ही बोललेलं सगळं त्यांना कळायचं, पण आठवणी किती शाबूत आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. विचारणार कसं आणि ते सांगणार कसं?

दर गुरुवारी तराळे मॅडम यायच्या. गेलेली वाचा परत आणायचे व्यायाम घ्यायच्या. त्या गुरुवारी त्या आल्या तेव्हाही माझी गिरणी सुरू होती. त्यांनी डब्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हर्षदाताई, हे असंच चालू असतं का दिवसभर?”

“लग्नसराई आहे ना, मॅडम. मेमध्ये काम केलं नाही तर मग करायचं कधी?”

“ते बरोबर आहे. पण एक लक्षात घ्या. त्यांचा आवाज आला ना, तर पहिल्यांदा अगदी बारीक येईल. तो त्यांच्या त्यांना ऐकू आला पाहिजे. नाहीच आला, तर त्यांना वाटेल, आपल्याच्यानं होत नाही, आणि मग ते सोडून देतील. हे दोन-तीन महिने फार महत्त्वाचे आहेत.”

त्या गेल्या आणि मी कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत बसले. दुसऱ्या खोलीत हलवायचा तर तिथे कूलर नाही. अकोल्याच्या मे महिन्यात बिनकूलरच्या खोलीत कॉम्प्युटर काय, पापडही करपून जाईल. शिवाय बाबांना एकटं सोडायचं नव्हतं. सासूबाईंचे गुडघे असे की बसल्या तर उठेनात. नवरा, गोपाल, औषध कंपनीच्या कामासाठी आठवड्यातले पाच दिवस यवतमाळ-पुसदकडे. म्हणजे मी, बाबा आणि कॉम्प्युटर, तिघांनी एकाच खोलीत नांदायचं होतं.

तो कॉम्प्युटर माझ्या जिवाचा तुकडा होता. तयार घेतलेला नव्हता, एकेक भाग मागवून मी स्वतः जोडलेला. “सायकलची चेन चढवता येत नाही हिला, आणि निघाली कॉम्प्युटर बांधायला,” असं गोपाल म्हणाला होता. डिसेंबरात तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा मी घरभर पेढे वाटले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका तर वाण विसरून त्याचे रंगीत दिवे बघत बसल्या होत्या. सासूबाईंची मान तेव्हा ताठ झाली होती. आता त्याच डब्याला त्या गिरणी म्हणत होत्या, आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

तर ठरवलं, पंखे हळू करायचे. कॉम्प्युटरमध्ये हे आपल्या हातात असतं. पडद्यावर एक आलेख येतो. आतलं तापमान इतकं झालं की पंख्यानं इतक्या जोरात फिरायचं, असं त्यातली रेघ माउसनं ओढून ठरवता येतं. रेघ खाली ओढली की शांतता, पण आतली धग वाढते. वर ओढली की डोकं थंड आणि कानाला त्रास. मंद गॅसवर दूध ठेवावं आणि समोर उभं राहावं, तसं ते काम. नजर हटली की उतू गेलंच.

मी रेघ जरा खाली ओढली. आवाज कमी झाला. सासूबाई म्हणाल्या, “हं, आता कसं!” आणि तेवढ्यात पडद्यावर तापमान नव्वदच्या वर गेलं. घाबरून मी रेघ वर नेली. गिरणी पुन्हा सुरू.

दोन दिवस माझा हाच खेळ. खाली ओढ, वर ओढ. जाळ्या साफ केल्या, ब्रशनं धूळ काढली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नवी लावली. इतकं करूनही डबा तापायचा तो तापायचाच. हिवाळ्यात गुणी बाळासारखा वागणारा कॉम्प्युटर असा का करतोय, कळेना. उन्हाळा म्हणून तापतोय म्हणावं, तर कूलर समोर होता. माझी अक्कल पार गहाण पडली.

देवघर त्याच कोपऱ्यात होतं. सकाळी सासूबाई उदबत्ती लावायच्या आणि धुराची रेघ सरळ कॉम्प्युटरच्या पाठीकडे जायची.

“पाय वं सूनबाई,” त्या एकदा म्हणाल्या, “तुह्या डब्ब्याले देवाची लय ओढ हाय. सारा धूर गिळते!”

मी हसले. पलंगावरून बाबांनी घशातून काहीतरी केलं, खरखरीसारखं, आणि डावा हात पुन्हा पालथा-उताणा, पालथा-उताणा.

“अहो, आताच तर कूस बदलली,” सासूबाई म्हणाल्या.

हात थांबेना.

“उशी उलटून देऊ का, बाबा?” मी उशी उलटून दिली. ते डोळे वटारून बघत राहिले.

“समजलं मले,” सासूबाई म्हणाल्या. “काल भाकर एका बाजूनं कच्ची रायली होती. तेच सांगून रायले. अहो, आज नीट उलटवतो, बरं का! जिभेची गोडी काही जाईना बाप्पा या माणसाची!”

त्या दुपारी बाबांपुढे अशी खरपूस भाकरी आली की दोन्हीकडून टिपके पडलेले. बाबांनी ताट डाव्या हातानं ढकललं. वरण सांडलं. सासूबाई फडकं घेऊन पुसत बसल्या, आणि पुसता पुसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“चाळीस वर्सं ह्यांच्या बोलण्याचा वैताग केला मी,” त्या म्हणाल्या. “म्हणो, जरा चूप बसा, जरा चूप बसा. आता आयकलं देवानं.”

त्यानंतर बाबांनी हात हलवायचंच सोडलं. काही विचारलं तर मान भिंतीकडे. पुढच्या गुरुवारी तराळे मॅडमनी ‘आ’ करायला सांगितलं, तर ओठही उघडले नाहीत. मॅडम दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “मला हे आवडलं नाही. मागच्या आठवड्यापर्यंत त्यांची धडपड होती. माणसानं एकदा मनातून सोडलं की बाहेरून कितीही ओढा, उपयोग नसतो. काहीतरी करा, पण त्यांना बोलावंसं वाटू द्या.”

मला माहेरी वडील नव्हते. या माणसानं मला पहिल्या दिवशी “सूनबाई, भूक लागली तं मांगून खाय, लाजशीन तं उपाशी मरशीन” असं सगळ्या वऱ्हाडादेखत ओरडून सांगितलं होतं. तो आवाज मला परत हवा होता. बाकी लग्नं गेली खड्ड्यात.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी रेघ पार तळाला ओढली. पंखे अगदीच मंद. म्हटलं, तापू दे मेल्याला, जेवढं सोसेल तेवढं सोसेल. व्हिडिओ लावला. नवरीकडचे लोक संध्याकाळी घ्यायला येणार होते. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, पाठवणी आली. नवरी बापाच्या गळ्यात पडली आणि पडदा काळा झाला.

बंद. जीव तापून डबा आपोआप बंद पडला होता. चार तासांचं काम पाण्यात.

“अरे, मर जा!” मी किंचाळले. “काय हवंय तरी काय तुला? ओरडतोस तरी तापतोस, गप्प बसतोस तरी तापतोस!”

तिरीमिरीत उठले. आत बघायचं तर कूलरचे तुषार उडायला नकोत, म्हणून कूलर बंद केला. छताचा पंखा आतली धूळ उडवील म्हणून तोही बंद केला. कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि फरशीवर फतकल मारून बसले. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र गळत होतं.

आणि घर गप्प झालं. मार्चपासून ती खोली एवढी गप्प कधी झालीच नव्हती. स्वयंपाकघरात वरण रटरटत होतं, ते सुद्धा ऐकू येत होतं.

“उ...”

मी मान वर केली.

बाबा भिंतीकडून वळून बसले होते. स्वतःचे स्वतः. चेहरा लालबुंद झाला होता, ओठ थरथरत होते. डावा हात समोर आला होता. तळवा पालथा, उताणा, पालथा. मग त्याच हाताचं एक बोट सरळ ताणलं गेलं, ते कॉम्प्युटरच्या पाठीकडे.

“उ... ल...”

“बाबा?”

त्यांनी मला थांब म्हणून हात केला. आपलाच आवाज आपल्या कानांनी ऐकून ते दचकले होते. डोळे मिटले. पूर्वी ढिगावर उभं राहून बोली सुरू करायच्या आधी छाती भरून घेत, तसा श्वास घेतला.

“उल-टा!”

स्वयंपाकघरात पातेलं पडलं. सासूबाई गुडघ्यांचं दुखणं विसरून धावत आल्या आणि दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

“कोन बोललं?” त्यांनी विचारलं. “सूनबाई, कोन बोललं?”

मी बोटाच्या दिशेनं बघत होते. कॉम्प्युटरच्या पाठीवरचा पंखा. त्याचं गुळगुळीत, रंगीत दिव्यांचं तोंड बाहेर होतं, खोलीकडे. आणि मग डोक्यात लख्ख पडलं.

संक्रांत. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी सासूबाई म्हणाल्या होत्या, “बाया इकडल्या बाजूले बसतीन. तुह्या डब्ब्याची ही पाठ कशी दिसते, फाटक्या अस्तरासारखी! त्या लाइटीचं तोंड इकडे कर ना.” नवी सून, सासूची हौस. मी चार स्क्रू काढले आणि मागचा पंखा उलटा बसवला. आतली गरम हवा बाहेर फेकायचं ज्याचं काम, तो बाहेरची हवा आत ओढायला लागला. पुढचे पंखे आत ओढणारे, मागचा आत ओढणारा, आणि वाफ जायला वाट नाही. थंडी होती म्हणून खपून गेलं.

स्क्रू घट्ट करताना टॉर्च बाबांनी धरला होता. आणि मी त्यांना म्हटलं होतं, “बाबा, लक्षात ठेवा हं. हळदीकुंकू झालं की हा पंखा परत सुलटा करायचाय. नाहीतर उन्हाळ्यात पेटेल.”

“चिंता नोको करू,” ते गर्जले होते. “मी बसलो ना इथं आठवन द्याले!”

त्यानंतर बायका आल्या, वाण वाटलं गेलं, मी विसरले. मग होळी आली. आणि हा माणूस, अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, त्या पलंगावरून रोज मला आठवण करून देत होता. मी त्याची कूस बदलत होते, उशी बदलत होते. आम्ही त्याला भाकरी खाऊ घालत होतो!

“बाबा,” मी म्हटलं. “तुम्ही... हे सांगत होता? पंखा?”

त्यांनी मान हलवली. जोरजोरात, एकदा नाही, पाच-सहादा. मग कपाळावर हात मारला, माझ्या अकलेसाठी. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्यांच्या डाव्या हातानं माझ्या डोक्यावर एक टपली मारली. रडणं पुरे, कामाला लाग, असा त्या टपलीचा अर्थ होता.

“म्हंजे भाकर चांगली झाली होती?” सासूबाई दारातूनच म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसू की रडू असं करत त्याही पलंगाच्या कडेला टेकल्या.

मी स्क्रू काढले. टॉर्च बाबांच्या डाव्या हातात दिला. उजेड बरोबर जागेवर होता. पंखा सुलटा बसवला. दिवे आत गेले, फाटकं अस्तर बाहेर आलं. सासूबाईंनी ‘दिसू दे’ म्हणून हात उडवला. कूलर लावायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं, आणि आम्ही तिघंही घामानं निथळत होतो.

सुरू केलं. रेघ तळालाच ठेवली होती. पंखे जेमतेम कुजबुजत होते. बाबांनी हात पुढे करून तळवा मागच्या पंख्याजवळ धरला. गरम हवेचा झोत तळव्यावर आला तसे त्यांचे डोळे मोठे झाले. सासूबाईंनी देवापुढची उदबत्ती पेटवली. धुराची रेघ डब्याकडे गेली आणि पाठीला लागायच्या आत मागे वळली.

“थुकला वं माय, थुकला धूर!” सासूबाई म्हणाल्या.

मी व्हिडिओ लावला आणि पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागले.

“साठ... चौसष्ट... अडुसष्ट.”

बाबा आकड्यांकडे टक लावून बघत होते. पूर्वी व्यापाऱ्यांच्या बोटांकडे बघायचे, तसे.

“बाहत्तर. पंचाहत्तर.” आधी याच वेळेला नव्वद झालेले असत. “शहात्तर.”

शहात्तर. पुन्हा शहात्तर. जन्मभर या माणसानं बोली वाढावी म्हणून घसा फोडला होता, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, वाढू नकोस, देवा, एकसुद्धा वाढू नकोस.

पडद्यावर मंगलाष्टकं सरली. आकडा जागचा हलला नाही.

पलंगावरून बारीक, खरखरीत, कोवळा असा आवाज आला. खोली शांत होती म्हणून ऐकू आला.

“ए...क वार.”

सासूबाईंनी माझा दंड धरला.

आकडा शहात्तर.

“दो...न वार.” या वेळी जरा मोठ्यानं. ते थांबले. मार्केट यार्डात थांबायचे तसेच, सगळ्यांच्या तोंडाकडे एकेकदा बघत, कुणी वाढवतंय का म्हणून. माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

“सोडा ना आता,” सासूबाई रडत रडत म्हणाल्या. “कोनी वाढवून नाही रायलं!”

बाबांनी छाती भरून घेतली, डावा हात उचलला आणि पलंगाच्या लाकडावर थाप मारली.

“तीन वार!”